कांडप किती हलावं?

सगळा दोष वीज कचेरीतल्या साहेबांचा आहे. नाव लिहीत नाही, आपली खुर्ची त्यांना ठाऊक आहे. पारोळ्यात खाजाभाईंच्या मिरची कांडपाने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. लोखंडी मुसळं उखळात धाडधाड पडायची, गल्लीतली भांडी किणकिणायची आणि त्या दणक्यावर बाया मिरचीच्या पिशव्या घेऊन यायच्या. ऐन हंगामात साहेब आले. शेजारच्या सुंदरबाईंच्या भिंतीला तळहात लावून म्हणाले, "फार थरथरतंय. थांबवा, नाहीतर वीज तोडतो."

"आत येऊन बघा तरी, साहेब."

साहेबांनी उंबऱ्यात पाय ठेवला, मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि शिंकांवर शिंका देत ते मागे फिरले. "आत यायची गरज नाही. मला बाहेरून सगळं कळतं!"

वीज गेली तर वर्षाची भाकरी गेली. खाजाभाईंनी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे यंत्राखाली सारले. बटण दाबताच यंत्र बेडकासारखं उड्या मारत दाराकडे निघालं. सबीहा, त्यांची बायको, चाळणी टाकून बाकड्यावर चढली.

"अहो, धरा त्याला! माहेरी चाललंय ते!"

मग धुळ्याहून मिस्तरी आणला. फरशी फुटली, खड्डा खणला, जाड चौथरा ओतला, भोवती चर ठेवून त्यात वाळू भरली. सिमेंट पक्कं होईपर्यंत अर्धा हंगाम हातचा गेला. वर साहेबांच्या नाकाची काळजी म्हणून सबीहाने दारं-खिडक्यांना जाड गोधड्या टांगल्या. यंत्र सुरू केलं, तर फरशीवरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. खाजाभाईंचे डोळे भरून आले. मिरचीने नव्हे, असं ते अजून सांगतात.

पहिलं गिऱ्हाईक कोकिळाबाई. चपला काढून यंत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "खाजाभाऊ, पायले काहीच लागस नही. जमीन हालस नही तं मिरची काय कांडाई राहनी?"

"अहो, मुसळं पडताहेत की समोर!"

"पडतीन. पन त्यास्मा जीव नही." पिशवी उचलून त्या गेल्या. त्यांच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बाया गेल्या.

संध्याकाळी सुंदरबाई भांडायला आल्या. "त्या भितडाले टेकीसनी बसू तं मनी कंबर मोकळी व्हये. तू ते सुख बी बंद करी टाकं!"

"अक्का, तक्रार तुमचीच होती ना?"

"मनी? कोनी सांगं तुले?"

तक्रार कोणाचीच नव्हती. साहेबांच्या तळहाताला वाटलं, एवढंच.

साहेब पुन्हा आले. भिंतीला हात लावला, कान दिला, नाकाने वास घेतला. "बंद पडलं वाटतं तुमचं कांडप."

"चालू आहे, साहेब! आत्ता चालू आहे!"

"भिंत हलत नाही. आवाज नाही. मला शिंकही आली नाही."

"गोधडी सारा आणि बघा ना!"

"गरज नाही. बंद धंद्याला धंद्याची वीज देता येत नाही. सोमवारी माणूस येऊन तोडेल."

सोमवारी सकाळी सबीहाने यंत्र सांभाळलं. खाजाभाईंनी सासूबाईंचं लाकडी मुसळ काढलं आणि सुंदरबाईंच्या भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीवर, दणादण हाणायला सुरुवात केली. हाताला फोड आले. पण पलीकडून आवाज आला, "हां रे खाजा, आते बरं वाटस! जरा वरलांगे हान!" कोकिळाबाई पिशवी घेऊन परतल्या. म्हणाल्या, "आते कशी कांडाई राहनी!" दुपारपर्यंत दाराशी रांग लागली. मिरची यंत्र कांडत होतं आणि खाजाभाई नुसती जमीन बडवत होते.

तेवढ्यात तारा तोडणाऱ्या माणसाला घेऊन साहेब आले. भिंतीला हात लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चालू आहे म्हणजे. पण फार थरथरतंय. थांबवा, नाहीतर वीज तोडतो."

खाजाभाईंच्या हातून मुसळ गळून पडलं. गोधडीआडून तिखटासारखी लाल झालेली सबीहा बाहेर आली.

"हलायचं की नाही? आणि हलायचं तर किती? आज सांगूनच जा, साहेब. भिंतीला हात लावून नका सांगू. ही गोधडी मी वर धरलीय. आत या, ठसका खा आणि उत्तर द्या!"