राणीचा आवाज

सोनम आईचा मोडलेला पाय सांभाळायला गडहिंग्लजला माहेरी गेली आणि पाच वर्षांच्या प्रियदर्शनीला झोपताना गोष्ट वाचून दाखवायचं काम प्रसेनजीतवर आलं. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर भट्टीजवळ ओरडून बोलणाऱ्या या माणसाने पहिल्या दिवशी अख्खी गोष्ट हजेरीपटासारखी वाचून काढली.

"पप्पा, राजा कुठला न् राणी कुठली, कायच कळंना की!" पोरगी वैतागली. "आई आवाज काढती."

प्रसेनजीतला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो वाळूच्या ढिगाआड जाऊन आवाज काढू लागला. राजा लगेच जमला. राणीला चार दिवस लागले. पण जमली ती अशी नाजूक, लाडिक, की त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

त्या रात्री भिंतीपलीकडे भाकरी थापणाऱ्या शेजारच्या बनाबाईंचा हात थबकला. प्रसेनजीतच्या घरात कुणी बाई विनवत होती, "मला एकटीला टाकून जाऊ नका हो!"

सकाळी त्यांनी प्रियदर्शनीला हळूच विचारलं, "घरात कोण आलतं गं काल?"

"राणी. लई रडत हुती. पप्पांनी समजूत घातली."

"आणि गेली कवा?"

"मला झोप लागली. म्हाईत न्हाय."

बनाबाईंनी तडक एसटीडी बूथ गाठला आणि गडहिंग्लजला फोन लावला. संध्याकाळी प्रसेनजीत कामावरून येतो तोवर सोनम आणि तिचे वडील भाऊसो दारात हजर.

"पावणं, ही राणी कोण?" भाऊसोंनी पायातल्या चपला न काढताच विचारलं.

"पुस्तकातली, मामा."

"मला येडा समजता व्हय?"

सोनमच्या डोळ्यांत पाणी बघून प्रसेनजीतला घाम फुटला. त्याने पुस्तक उघडलं, सासऱ्यासमोर मांडी घातली, घसा खाकरला आणि राणी काढली. "महाराज, तुमच्याशिवाय हा महाल मला खायला उठतो हो..."

"ह्योच! ह्योच त्यो आवाज!" म्हणत बनाबाई धावत आत आल्या आणि तो आवाज मिशीखालून येतोय हे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. भाऊसो हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसले.

हसली नाही ती सोनम. डोळे पुसून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"सात वर्सं झाली लग्नाला," ती म्हणाली. "माझ्याशी कवा बोललासा काय असं?"

भाऊसोंनी हसू गिळलं, नातीचा हात धरला आणि बनाबाईंना म्हणाले, "चला बाई, आपण जरा भाईर जाऊया."