बोरस्तेकाकांची सूज

आमच्या कॉलनीमागच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी एक गृहस्थ दोन्ही हात वर करून चालतात. मागून कुणीतरी पिस्तूल लावलंय आणि ‘चल पुढे’ म्हणतंय, तसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरोखर मान वाकडी करून त्यांच्या मागे कोण आहे ते बघितलं होतं. मागे कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे एक रिक्षावाला मात्र थांबून विचारत होता, “बोला काका, सीबीएस स्टँडला का?”

हे आमचे बोरस्तेकाका. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मूळचे निफाडकडचे, पण आयुष्य गेलं अंबडच्या एका कारखान्यात, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. तयार झालेला एकेक सुटा भाग व्हर्नियरच्या चिमट्यात धरायचा, माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि केसभर कमीजास्त निघाला तर बाजूला फेकायचा. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण व्हर्नियर अजून शर्टाच्या खिशात असतो. काकूंच्या भाकऱ्यांची जाडी त्यांनी मोजलेली आहे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी चार गुलाबजामांची मापं घेतली आणि आचाऱ्याला जाऊन सांगितलं, “लॉट एकसारखा नाय.” कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, “माणूस खोटं बोलंल, माप नाय बोलत.”

तर गेल्या मे महिन्यात चालून आल्यावर काकांच्या बोटात अंगठी रुतून बसली. हात पुरीसारखे टम्म फुगलेले. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी माझ्या नवऱ्याने बोटाला दोरा गुंडाळून अंगठी काढली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, चालताना पुष्कळांचे हात सुजतात. अंगठी-घड्याळ काढून चाला, मुठी उघडझाप करा, अधूनमधून हात वर घ्या. शहाण्या माणसाने एवढं ऐकून घरी जाऊन चहा घेतला असता. काकांनी वही सुरू केली. दहा बोटं, चालण्याआधी, चालल्यावर, फरक. एरवी उपाय करून चालायचं आणि दर शनिवारी मुद्दाम हात खाली सोडून, सूज अजून येते का ते बघायचं.

मुठी उघडझाप करायला त्यांनी आधी रबरी चेंडू घेतले. ते गटारात गेले. मग ते दोन्ही मुठींत एकेक कांदा धरून चालायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, “उन्हाळ कांदा हाय. लाल कांदा दाबाला टिकत नाय.” आठवडाभरात त्यांच्या आजूबाजूचा ट्रॅक मोकळा झाला. शेवटी त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यातलं ‘अधूनमधून’ गाळून टाकलं आणि फाटकापासून फाटकापर्यंत हात वर ठेवायला सुरुवात केली.

शकूकाकू त्यांच्याबरोबर यायच्या, पण चालायच्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “बघा आमचं ध्यान.” एकदा त्यांनी वॉचमनला देवरेसाहेब समजून सुनेची चौकशी केली. मी म्हटलं, वय झालं, चालायचंच.

खरे देवरेसाहेब म्हणजे बँकेतून रिटायर झालेले अधिकारी. जानेवारीत एका वळणावर काकांचं कोपर लागून त्यांचा चष्मा उडाला. चष्म्याला काही झालं नाही, देवरेंना झालं. “हात वर करून फिरायचं तर पोलीस ग्राउंडवर जा,” ते म्हणाले. काकांनी वही दाखवली. देवरेंनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच पास करायचं? दुसरी सही कुठे आहे?”

बँकेचा माणूस आणि क्वालिटीचा माणूस समोरासमोर आले की तिसऱ्याचं मरण. तिसरी मी. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तपासणी माझ्याकडे आली. शनिवारी मी काकांची चाचणी घ्यायची आणि वहीत ‘चेक्ड बाय’ म्हणून सही करायची. सूज खरी निघाली तर देवरे गप्प बसणार. नाहीतर काकांनी हात खाली करायचे, नाही केले तर ट्रॅकवर यायचं नाही. मला खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

शनिवारी दुपारी काकू वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी काकांना पार्किंगमध्ये अर्धा तास हात खाली सोडून चालायला लावलं. आधी त्यांनी पुष्कळ सबबी सांगितल्या. चालून झाल्यावर मी बोटं मोजली. फरक शून्य. पुन्हा मोजली, तरी शून्य. मग वही उघडली. दिवाळीनंतरच्या प्रत्येक शनिवारी सूज लिहिलेली, आणि आकडे सगळे तेच ते. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी, कॉपी मला लांबून कळते.

“काका, आता माप खोटं बोलायला लागलं वाटतं,” मी म्हटलं. चांगला टोला हाणल्यासारखं वाटलं मला.

काका स्कूटरच्या सीटवर टेकले. “सूज दिवाळीच्या आधीच उतरली,” म्हणाले. “तुझ्या काकूला दिसत नाय, वैशाली. जवळचं थोडंफार दिसतं, लांबचं सगळं धुकं. डॉक्टर मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणला, आता चष्म्याचं काम नाय. ती मला कळू देत नाय. सूज उतरली म्हणून मी हात खाली करून चालायला लागलो, तर तिनं बाकावरून उठून एका परक्या माणसाचा दंड धरला. ‘चला हो, चहाची वेळ झाली,’ म्हणली. तो हसला. बाकीचे हसले. घरी आल्यावर जेवली नाय. दुसऱ्या दिवशी म्हणती, गुडघा लय दुखतो, मी आता येत नाय.”

मी वही मिटली.

“सारी उमर मी कारखान्यात, ती घरात. एवढा एक तास आम्ही संगं बाहेर पडतो. मग मी म्हणलो, सूज परत आली गं, सोबत लागती मला. तशी ती आली. मी हात वर केले, तर पार त्या कडुलिंबापासून तिनं मला ओळखलं. ‘अहो, सावकाश,’ म्हणून हाक मारली. तवापासून हात खाली घेतले नाय.”

“मग सांगून टाका ना त्यांना.”

“सांगितलं तर मला कळलंय हे तिला कळंल. मग ती घराबाहेर पडायची नाय.”

“सहीचं काय करू?”

“ते तू बघ. खोट्या मापावर सही कर, असं मी आजवर कुणाला म्हणलेलो नाय.”

वही घेऊन मी वर आले. वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. त्या हातांवर सगळ्यात जास्त विनोद मीच केले होते. चुकलेल्या गणितावर मात्र मी कधी सही केलेली नाही, पोटच्या पोरीच्यासुद्धा.

रविवारी सकाळी बाकावर काकूंशेजारी जाऊन बसले. “कोण, वैशाली का?” त्यांनी माझा आवाज ऐकल्यावर विचारलं. ट्रॅकवर गर्दी होती, सगळे स्वेटर-माकडटोप्यांत, सगळे सारखेच. काकूंनी बोट दाखवलं. “तो बघ आमचा नमुना, कडुलिंबाशी पोचला.” बोट बरोबर काकांवर होतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, “तू काल तपासलंस ना? किती गं सूज अजून?”

“का हो काकू?”

“कुणाला सांगू नकोस. उतरू नये असं वाटतं मला. एवढ्या माणसांत तेवढे एकच ओळखू येतात.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “नवऱ्याचं दुखणं राहावं म्हणतेय मी. पाप लागेल का गं?”

“नाही लागत, काकू.”

एवढ्यात देवरे आले, गळ्यातला टॉवेल सावरत. “काय मॅडम, झाली तपासणी?”

मी मांडीवर वही उघडली. कालच्या तारखेपुढे काकांचाच जुना आकडा लिहिला, खाली ‘चेक्ड बाय’ लिहून पूर्ण नावाची सही केली आणि वही त्यांच्या हातात दिली.

“सूज आहे, देवरेसाहेब,” मी म्हटलं. “इतक्यात उतरायची नाही.”