भिंतीला लावलेली गाडी

गाडी विकत घेणारा माणूस तिचा मालक होतो, असा एक समज समाजात रूढ आहे. तो चुकीचा आहे. गाडीला कुणी ठोकेपर्यंत माणूस नुसता चालक असतो आणि ठोकल्यानंतर तो अर्जदार होतो. मालकी वगैरे जे काही असते ते विमा कंपनीकडे असते, आणि तसे तिच्या कागदांत बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेले असणारच. (मी वाचलेले नाही. कुणीच वाचत नाही, म्हणून तर अक्षरे बारीक ठेवतात.)

माझ्या गाडीला ठोकले ते आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या सरांनी. माझी गाडी आवारात, कुंपणाच्या भिंतीला लावलेली होती. सर आपली गाडी शेजारी लावायला गेले आणि त्यांच्या गाडीचा कोपरा माझ्या गाडीच्या पुढच्या दारात घुसला. चालकाच्या नव्हे, शेजारच्या. दार आत गेले आणि उघडेनासे झाले. अशा प्रसंगी काय करावे याची एक सर्वमान्य पद्धत आहे. खाली उतरावे, इकडेतिकडे पाहावे, बोटाला थुंकी लावून रंग पुसला जातो का ते बघावे आणि मग आपली गाडी निमूटपणे दुसऱ्या टोकाला नेऊन लावावी. सरांनी यातले काहीच केले नाही. ते जिना चढून वर आले, बेल वाजवली आणि म्हणाले, "माझी गाडी तुमच्या गाडीला लागली. चूक माझीच. माझ्या ओळखीचा डेंटिंगवाला आहे, उद्या संध्याकाळपर्यंत दार करून देतो."

एखादा माणूस न विचारता चूक कबूल करतो तेव्हा घरात काळजीचे वातावरण पसरते. माझे मेहुणे त्या दिवशी योगायोगाने आलेले होते. (ते नेहमी योगायोगानेच येतात.) कुठेतरी पाणी मुरतंय, असे त्यांनी सर जिना उतरायच्या आतच जाहीर केले. मेहुण्यांना विम्याचा दांडगा अनुभव आहे. त्यांनी आजवर जेवढे क्लेम केले तेवढे सगळे फेटाळले गेले आहेत.

शिवाय माझीही एक बाजू होती. इतकी वर्षे मी नेमाने हप्ते भरत होतो आणि गाडीला साधा ओरखडासुद्धा नव्हता. विमा काढून सुखरूप राहिलेल्या माणसाच्या मनात आपण फसवले गेलो ही भावना हळूहळू घर करते. आता कुठे संधी चालून आली होती, ती एका डेंटिंगवाल्याच्या हातोडीखाली घालवणे मला परवडणारे नव्हते. मी सरांना कळवले की प्रकरण रीतसर मार्गाने जाईल. ते बरं म्हणाले आणि खाली मान घालून गेले.

इथे त्या दाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. ते दार आईचे होते. पायाचे ऑपरेशन झाल्यापासून तिचा गुडघा पुरता वाकत नाही, त्यामुळे मागच्या सीटवर तिला बसता येत नाही. पुढच्या सीटवर, सीट पूर्ण मागे सरकवून, आधी पाठ आणि मग पाय, अशी ती बसते. दर गुरुवारी मी तिला मावशीकडे घेऊन जायचो. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात असते आणि ती एकेकाला विसरत चालली आहे. मला ती केव्हाच विसरली. माझ्या बायकोलाही विसरली. (बायकोने ते मनाला लावून घेतलेले नाही.) आईला मात्र ती अजून "धाकटे" म्हणून हाक मारायची. ही हाक किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगू शकत नव्हते, म्हणून आई गुरुवार चुकवत नव्हती.

दार तपासणीपूर्वी दुरुस्त केल्यास पुरावा नष्ट केल्याचे समजले जाईल, असे कंपनीने कळवले. मी आईसाठी भाड्याची गाडी बोलावली. ती बसेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन बंद न करता इतके सुस्कारे सोडले की परत आल्यावर ती म्हणाली, पुन्हा नको. मग सर आले. माझ्या गाडीतून नेतो म्हणाले, मला गुरुवारी काही काम नसतं. यावर मेहुण्यांनी कायद्याचा शब्द काढला. समोरच्या पार्टीच्या गाडीत बसणे म्हणजे संगनमत, आणि संगनमत म्हणजे क्लेम गेला. मी सरांना नको म्हणून सांगितले.

विमा कंपनीच्या कचेरीविषयी लोक वाटेल ते बोलतात. माझा अनुभव असा की तिथे भाषेची जेवढी कदर होते तेवढी माझ्या शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनीही केली नव्हती. क्लेमचे साहेब अतिशय सौम्य होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि माझे निवेदन दोनदा वाचले.

"तुम्हीच लिहिलंय, गाडी भिंतीला लावली होती."

"लावली म्हणजे तिथे ठेवली हो."

"ते तुम्ही आत्ता म्हणताय. कागद म्हणतो लावली. स्वतःच भिंतीला लावलीत, तर त्यात तिसऱ्या माणसाचा काय संबंध?"

सरांचे निवेदन सोबत जोडले होते. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते, "या गृहस्थांनी आपली गाडी भिंतीला लावली होती, मी माझी तिच्या शेजारी लावत होतो, तेव्हा ती लागली." कचेरीच्या हिशेबाने यात तीन धडका होत्या. पहिल्या धडकेत भिंत हा बाधित पक्ष असल्यामुळे तिचीही बाजू ऐकणे क्रमप्राप्त होते. मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून दाखला आणला की, सदर भिंत सुस्थितीत असून तिची कुणाविरुद्ध तक्रार नाही. साहेबांनी तो समाधानाने लावून घेतला. (फाइलला.)

तरी मूळ शब्द बदलणे भाग होते. मी "गाडी पार्क केली होती" असे लिहून दिले. पार्कमध्ये वाहने नेण्यास मनाई आहे, असा शेरा आला. "गाडी उभी केली होती" असे लिहिले, तर ती त्यापूर्वी आडवी केव्हा झाली होती आणि ते कळवले का नाही, अशी विचारणा झाली. "गाडी ठेवली होती" म्हटल्यावर कुणाकडे गहाण ठेवली होती, असा प्रश्न आला. शेवटी मी सगळी क्रियापदे काढून टाकली आणि "गाडी भिंतीपाशी होती" एवढेच लिहिले. साहेबांनी चष्मा काढला.

"होती? म्हणजे आता नाही? मग चोरीचा फॉर्म वेगळा असतो."

दरम्यान गुरुवार यायचे ते येतच होते. गुरुवारी आई सकाळीच तयार व्हायची आणि पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहायची. आधी शुश्रूषागृहातल्या सिस्टरचा फोन आला, मावशी विचारतायत, धाकटी का नाही आली. पुढच्या खेपेला आईनेच फोन केला. सिस्टर म्हणाली, आज त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

आईने फोन ठेवला, काठी घेतली आणि एकटीच जिना उतरायला लागली. मी मागे धावलो. तिने सरांचे दार वाजवले.

"सर, गाडी काढा. मला संगनमत करायचंय."

मी तिला क्लेमची नाजूक अवस्था समजावून सांगितली. ती म्हणाली, "ज्या माणसाला चूक कळते त्याच्याशी तू बोलत नाहीस, आणि ज्यांना काहीच कळत नाही त्यांच्याकडे रोज चहा पितोस." वय झाले की माणसाला कार्यपद्धती समजेनाशी होते.

अखेर मार्ग साहेबांनीच काढला. त्यांच्या मते प्रकरणात दोष एकच होता, तो म्हणजे ठोकणारा हजर होता. पळून गेलेल्या माणसासाठी कचेरीत साधी, सुटसुटीत पद्धत आहे. कबूल करणाऱ्यासाठी पद्धतच नाही, कारण तसा कुणी आजवर आलेला नाही. मी नवे निवेदन दिले : अज्ञात इसमाने धडक देऊन पलायन केले. सरांचे निवेदन साहेबांनी मला घडी घालून परत दिले.

तपासणीला सर्व्हेअर आले ते नेमके गुरुवारी. ते माझ्या दाराचे फोटो काढत होते आणि पलीकडे सर आईला आपल्या गाडीत बसवत होते. आधी पाठ, मग पाय. त्यांच्या गाडीच्या कोपऱ्यावर अजून माझ्या गाडीचा रंग होता. सर्व्हेअरने तो पाहिला, सरांना पाहिले आणि मला विचारले, "हे कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

सरांनी ते ऐकले. त्यांनी आईची काठी आत ठेवली आणि दार हळूच लावले. आईने काचेतून माझ्याकडे पाहिले आणि ओळख नसल्यासारखी मान वळवली.

क्लेम मंजूर झाला. दार आता इतके छान उघडते की नव्या गाडीचेही उघडणार नाही. आई अजून सरांच्याच गाडीतून जाते. मावशीने तिला त्यानंतर हाक मारलेली नाही. आई म्हणते, मारेल.

तुम्ही सुज्ञ वाचक आहात, आणि मी त्या दिवशी जे उत्तर दिले त्याबद्दल तुमचे माझ्याविषयी वाईट मत झाले असेल, ते योग्यच आहे. फक्त एक तपासून पाहा. वर "क्लेम मंजूर झाला" हे वाचताना, चला, सुटला एकदाचा बिचारा, असे तुम्हाला क्षणभर वाटले की नाही? ज्यांना वाटले नाही त्यांच्यासाठी कचेरीत अजून पद्धत नाही. बाकी सगळ्यांनी माझ्या सहीखाली सही करायला हरकत नाही, जागा पुष्कळ आहे.