पान उलटवून बघणारे कांबळेमामा

कांबळेमामा माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या झाडाचं पान उलटवून बघत. तुमच्या घरी लग्न ठरलेलं असो की कुणी आजारी असो, मामा अंगणात शिरले की थेट कुंडीपाशी उकिडवे. खिशातलं भिंग काढून पानाची पाठ तपासायची, मान हलवायची आणि मग आपल्याकडे बघून विचारायचं, "कधीपासून हाय हे?" ऐकणाऱ्यालाच बारीक कणकण आल्यासारखं वाटायचं.

मामा हिवताप खात्यातून रिटायर झालेले. तीस वर्षं कळमनुरीच्या आसपासची गावं सायकलवर फिरून तापाच्या माणसांचं रक्त काचेवर घ्यायचं आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची, हे त्यांचं काम. दोन हजार सालच्या सुमारास नोकरी सुटली, फेरी सुटली नाही. दर पंधरा दिवसांनी ते आमच्या गल्लीत येत. तपासणी झाली की गेरूने कुंडीवर तारीख आणि शेरा लिहीत: 'तांबेरा', 'मावा' किंवा काहीच रोग नसेल तर 'निल'.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका. सहलीहून येताना महाबळेश्वरचं एक फुलझाड, जिरेनियम, आणलं होतं. कळमनुरीच्या उन्हात ते जगलं याचा मला कोण अभिमान! मामांनी पान उलटवलं. खाली तपकिरी फोड.

"तांबेरा. बाई, तुमी पानावर पाणी मारून राहिल्या, व्हय ना?"

मी हातातली झारी पाठीमागे लपवली.

"तहान मुळाला लागते. पानाला काहून आंघोळ?"

डागाळलेली पानं खुडून त्यांनी माझ्यादेखत जाळली आणि "पेशंट अलग ठेवा" असा हुकूम सोडला. शेजारच्या देशमुखबाईंचा गुलाब तर आठ दिवस न्हाणीघरात अलग होता. अख्खं कुटुंब त्याच्याकडे पाठ करून आंघोळ उरकायचं.

पण मामांचे उपाय लागू पडत. एका हिवाळ्यात गल्लीतली सगळी झाडं बरी झाली. ओळीने 'निल', 'निल', 'निल'. खात्यात यावर शाबासकी मिळाली असती. इथे मामांचंच तोंड उतरलं. चहा अर्धा ठेवून ते ओसरीवरून निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात गल्लीत पिठ्या ढेकूण आला. पानाला कापूस चिकटावा तसा पांढरा किडा, घरोघर. मामा एकदम खुलले. आता रोज फेरी! स्पिरिटच्या बोळ्याने एकेक किडा पुसायचा आणि पुसता पुसता बोलत राहायचं. नातवाला सांभाळायला मामी पुण्याला गेल्या त्याला दोन वर्षं झाली, लेकराला आता किती दात आले, सगळं.

एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी शाळेतून लवकर घरी आले. खिडकीतून बघते तर मामा कुंडीपाशी. हातात काडेपेटी. तिच्यातला एकेक ढेकूण काडीने उचलून ते माझ्या जिरेनियमच्या पानाखाली अलगद ठेवत होते.

माझं डोकंच फिरलं. मी तशीच अंगणात आले. "मामा! काय करून राहिलात हे?"

काडेपेटी हातातून पडली. ती उचलत ते म्हणाले, "निल लिहिलं की फेरी खतम, बाई. मंग दिवसभर तोंड उघडायचं कामच न्हाई पडत."

"अहो, मग नुसतं यायचं की!"

"बिगर कामाचं कोणाच्या घरी कसं यावं?"

कामाशिवायही कुणाकडे जाता येतं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं ते लोकांच्या दारात उभे राहिले. माझ्याकडेही वर्षभर येत होते आणि वर्षभर मी चहा ओसरीवरच दिला होता. आत या, असं म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"आत या, मामा."

"येतो. अकरा सोडले हायत, तेवढे वेचू द्या."

मीही शेजारी बसून शोधायला लागले. दहा सापडले. अकरावा काही केल्या मिळेना.

"राहू द्या तो," मी म्हटलं.

"अवो बाई, एकाचे शंभर होतील!"

"होऊ द्या," मी म्हटलं आणि हात धरून त्यांना घरात नेलं.