जपानी नवरीची पाठराखीण

मध्य प्रदेशातल्या सगळ्या बालाघाट जिल्ह्यात जपानी बाहुल्या जमवणारा माणूस एकच, आणि तो मी! मी मँगनीजच्या खाणीच्या कचेरीत बाबू. माल पाहायला जपानहून हामादा साहेब दरवर्षी येत आणि माझ्यासाठी एखादी जुनी लाकडी बाहुली आणत. तिला हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोकं, लाटण्यासारखं अंग आणि त्यावर लाल फुलं. पहिली बाहुली पाहून माझी बायको अनुसया म्हणाली, "अवं, पुरी व्हायच्या आंधीच काहून उचलून आणली?" कला कळायला नजर लागते, असं मी तिला सुनावलं. तिनं नजरेनंच उत्तर दिलं.

पासष्ट साली साहेब त्यांच्या आजोळच्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हातची बाहुली आणणार होते. तशी आता जपानातही मिळत नाही म्हणे. "पण आधी बाकीच्या कशा ठेवल्यास ते पाहीन, मगच देईन," असं त्यांनी बजावलं होतं. त्या बाहुलीपायी माझी झोप उडाली होती. खास कपाट करून घेतलं आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी त्याच्या काचा आणायला वारासिवनीला गेलो.

नेमकी त्याच दिवशी अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया. अक्तीला आमच्याकडे पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, अगदी हळदीपासून वरातीपर्यंत. संध्याकाळी काचा मांडीवर सांभाळत बसनं परत आलो, तर सगळ्यांत देखणी बाहुली गायब.

"बाहुली कुठं आहे?"

"सासरी," अनुसया म्हणाली. "मातीच्या नवरीची मान तुटली. शेजारच्या गोदाबाईचा नवरदेव मांडवात ताटकळून राह्यला होता. मंग मी आपली पोरगी दिली."

"दिली?"

"हौ. कन्यादान केलं."

मी तसाच गोदाबाईंकडे धावलो. नवरी देव्हाऱ्याशेजारी उभी. अंगभर हळद, कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. बाजूला मिशीवाला मातीचा नवरा.

"बाई, बाहुली द्या. उद्या साहेब येऊन राह्यले."

"असी कसी देऊ, बाबूजी? सून हाय आमची. लेक दिली आन वापस मांगता?"

एवढ्यात गल्ली गोळा झाली. बाबूजी पोरीचा संसार मोडून राह्यले, अशी बोंब झाली. शेवटी ठरलं की रीतीनं माहेरपणाला न्यायचं. सकाळी मी डोक्याला टोपी घालून, लुगड्याचा तुकडा आणि करंज्यांची शिदोरी घेऊन, भर गल्लीतून लाकडी लेक आणायला गेलो. "नवी नवरी एकटी नाही धाडत," असं गोदाबाई म्हणाल्या, म्हणून नवराही आला आणि मागोमाग त्याही.

हळद पुसायला गेलो, तर लाल फुलंच पुसली जाऊ लागली. तेवढ्यात दारात जीप थांबली. नवरीला तशीच कपाटात ठेवली, तर गोदाबाईंनी नवराही तिच्या शेजारी उभा केला.

साहेब कपाटासमोर उभे राहून एकेक बाहुली निरखू लागले. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हा मिशीवाला कोण?"

खोटं सुचायला सवड नव्हती. मी सगळं खरं सांगून टाकलं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "या बाहुल्या मुळात लहान मुलींनी खेळायच्या," ते म्हणाले. "कपाटात कोंडून आम्हीच ते विसरलो."

"काय म्हणून राह्यला साहेब?" गोदाबाईंनी विचारलं.

"खूश आहेत."

"मंग त्याले सांगा, पोरीच्या माहेरचा हाय तो. पोरगी एकटी आली बिचारी, संगं पाठराखीणही नाही धाडली तुमी."

मी अक्कलशून्यानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. वर, पाठराखीण म्हणजे नवरीला सोबत म्हणून सासरी जाणारी बाई, हेही समजावून दिलं. साहेब एकदम गंभीर झाले. पिशवीतून त्यांनी त्या म्हाताऱ्या कारागिराची बाहुली काढली, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी ती गोदाबाईंच्या पदरात घातली.

आता ती बाहुली पाहायची तर शेजारी जावं लागतं. मी जातो अधूनमधून. गोदाबाई चहाचा आग्रह करतात. पण लेकीच्या सासरी बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, म्हणून मी आपला दारातूनच पाहून परत येतो.