फ्लोरो कातिगबाकचा एकच गुरू

“यंदा पुन्हा डुक्कर फिरवत बसलास, तर मी सरळ माहेरी निघून जाईन,” मिला म्हणाली आणि तिने पिठाचा गोळा ओट्यावर असा आपटला की फ्लोरोच्या कॉफीत पीठ उडालं.

लिपा गावच्या नेमबाजी क्लबाची रीतच तशी होती. जत्रेच्या आठ दिवस आधी स्पर्धा व्हायची, आणि तीत जो शेवटचा येईल त्याने जत्रेच्या सकाळी आपल्या अंगणात क्लबाचा लेचोन भाजायचा. आख्खं डुक्कर बांबूला अडकवायचं आणि निखाऱ्यांशेजारी बसून पाच तास हाताने फिरवायचं. फ्लोरो बेकरीवाला सलग तीन वर्षं फिरवत होता. एरवी मिलाने हसून सोडून दिलं असतं, पण यंदा जत्रेच्याच दिवशी त्यांच्या लेकीला, लिवायला, मागणी घालायला तानावानहून मुलाकडची मंडळी येणार होती. मुलीचा बाप पांढऱ्या सदऱ्यात दारात उभा असायला हवा होता, काजळी फासून डुकराजवळ नव्हे.

म्हणून फ्लोरोने फोनवर नेमबाजी शिकवणारे व्हिडिओ बघायला घेतले. पहिला गुरू म्हणाला, पिस्तूल घट्ट आवळा. दुसरा म्हणाला, आवळलंत की संपलात. एकजण डोळे मिटून मैदान आठवायला सांगत होता, तर एकजण डोळे मिटणाऱ्यांना हसत होता. आठवडाभरात फ्लोरोने एकेचाळीस व्हिडिओ पाहिले आणि पिस्तुलाला हात लावला नाही.

“एक म्हणतो, आधी नेम साधा, वेग मागून येतो. दुसरा म्हणतो, आधी वेग धरा, नेम मागून येतो,” त्याने सेल्सोपाशी रडगाणं गायलं. सेल्सो म्हणजे लिवायचा धर्मपिता आणि क्लबाचा पंच; त्या नात्याने तो फ्लोरोला ‘पारे’ म्हणायचा.

“तुझ्या मागून काय येणार, पारे? शेवटचा तर तूच असतोस,” सेल्सो म्हणाला.

शेवटी मिलानेच तोडगा काढला. “दहा जणींच्या कृती एकत्र करून पाव फुगतो का कधी? एक माणूस निवड आणि तो सांगेल ते कर.”

फ्लोरोने एक टक्कल पडलेला गुरू निवडला, कारण तो सगळ्यांत कमी बोलायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं: रोज घरी सराव करा, हाताला सवय लावा, कानांवर विसंबू नका आणि एकदा सुरुवात केली की काहीही झालं तरी थांबू नका.

फ्लोरो कामाला लागला. पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा तपासायचा, मॅगझिनमध्ये खोटी काडतुसं भरायचा आणि मैद्याच्या पोत्यांमधून पळत सुटायचा. खोट्या काडतुसांच्या मॅगझिनना त्याने पिवळी चिकटपट्टी लावली होती, खऱ्यांशी गल्लत नको म्हणून. महिन्याभरात त्याची पावलं अशी हलकी पडू लागली की पाव घ्यायला आलेल्या बाया पाव विसरून बघत बसायच्या. हाताला तर इतकी सवय झाली की भट्टीची घंटा वाजली तरी तो कमरेकडे जायचा.

“ताताय, मुलाकडच्यांसमोर तेवढी घंटा वाजू देऊ नका,” लिवाय बापाला म्हणायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिलाने घराची साफसफाई काढली. खुंटीवर फ्लोरोचा पट्टा लटकत होता, आणि त्यातल्या मॅगझिनना पिवळी लक्तरं चिकटलेली. पाहुण्यांना काय वाटेल, म्हणून तिने ती सगळी सोलून काढली आणि वर कापडाने पुसून लख्खही केली. सकाळी फ्लोरोने, लावलेल्या सवयीप्रमाणे, तोच पट्टा कमरेला बांधला. खरी मॅगझिन कपाटातच राहिली.

क्लबाची स्पर्धा म्हणजे एकच लांबलचक फेरी. सेल्सोचा टायमर वाजला आणि फ्लोरो सुटला. शेजारच्या मैदानावर दुसऱ्या गटाचा धडाका चालू होता, फ्लोरोच्या कानांवर जाड झाकणं होती आणि कानांवर विसंबायचं नव्हतंच. पिस्तूल यंदा जरासुद्धा उसळत नव्हतं. पकड जमली एकदाची, असं वाटून त्याला भरून आलं. खिडकीतून, पिंपाआडून, वाकून, धावता धावता मॅगझिन बदलून त्याने फेरी पुरी केली आणि ऐटीत मागे वळला. सगळ्या क्लबाने फोन वर धरले होते.

“किती वेळ लागला?” त्याने विचारलं.

सेल्सोने टायमर उलटसुलट करून पाहिला. “पारे, हा बारच्या आवाजावर चालतो. याच्या मते तू अजून सुरुवातच केलेली नाहीस.”

दुपारपर्यंत त्या फेरीचं चित्रण गावभर फिरलं, संध्याकाळी जिल्हाभर. मिला माहेरी गेली नाही, कारण माहेरीही ते पोचलं होतं. तिने आठ दिवस फ्लोरोशी फक्त पिठाबद्दल बोलणं ठेवलं.

जत्रेच्या दिवशी मंडळी आली तेव्हा फ्लोरो निखाऱ्यांशेजारी काळाठिक्कर होऊन बांबू फिरवत होता. मुलाचे वडील, आर्सेनियो मालाबानान, अंगणातच थबकले. त्यांनी एकदा फ्लोरोकडे पाहिलं, एकदा खिशातून काढलेल्या फोनकडे. लिवायने डोळे मिटून घेतले.

“ते तुम्हीच का हो?”

फ्लोरोने मान खाली घातली. “मीच.”

“अहो, दोन वर्षं झाली, मी नेमबाजीचे व्हिडिओ बघतोय,” आर्सेनियो म्हणाले. “एकाचाही उपयोग झाला नाही. तुमचा मात्र झाला. आता मी मॅगझिन दोनदा तपासतो. आणि ती पावलं! ती मला शिकवायची, लग्नाचं बोलणं दुपारी करू.” त्यांनी कडक इस्त्रीच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि फ्लोरोला कोपराने बाजूला सरकवलं. “सरका जरा. पोटाकडे कच्चं राहतंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तानावानच्या क्लबाचं चार वर्षं मीच फिरवतोय.”

फ्लोरोला इतकं हसू आलं की त्याच्या हातातला बांबू थबकला. चरबीचा थेंब पडून निखारा भडकला तसे व्याही ओरडले, “अहो, काहीही झालं तरी थांबायचं नाही!”