माडाखालचे बांगडे

वाजवायची पेटी घ्यायची असेल तर खाण्यापिण्यातून पैसे वाचवा, असे आमची यमुना म्हणाली आणि मी त्याच दिवसापासून घरचा बाजार आपल्या हाती घेतला. (कचेरीत मी साधा कारकून, घरी तरी खजिनदार व्हावे, हाही एक हेतू होता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात भाताऐवजी वरीचे तांदूळ आणि रताळी आली. बायकोही काटकसरीला लागली म्हणून मला अगदी भरून आले.

संध्याकाळी कचेरीतून परस्पर मांडवीला गेलो. एरवी तिथे मासळीवर झुंबड असते. आज सोनूबाई कोळीण बांगड्यांच्या पाटीपुढे एकटीच बसली होती. मी भीत भीत निम्मा भाव सांगितला. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि पाटीच पुढे ढकलली.

"न्या सगळी, भाऊ. आज तुमच्यासारखं गिऱ्हाईक गावायचं नाय."

इतकी कदर माझ्या साहेबानेही कधी केली नव्हती. त्या आनंदात मी वाळूत बसलो. समुद्र सोनेरी झाला होता. पाटीच्या काठावर बोटे ठेवून मी भूप वाजवला आणि बांगडे डोळे उघडे ठेवून ऐकत राहिले. (पुढे इतके श्रोते मला मिळाले नाहीत.)

परतताना विठ्ठलमंदिरात टाळमृदंग चालले होते. पुढच्या वर्षी इथे आपली पेटी, असे मनात घोळवत मी चाललो. लोक आपणहून बाजूला होत होते. कलावंताला असाच मान देतात, असे मला वाटले.

यमुना दारातच होती. तिने नाकाला पदर लावला.

"अहो, आज कार्तिकी एकादशी. सकाळी फराळ केलात तो काय समजून?"

तो मी काटकसर समजून खाल्ला होता. पाटी उंबऱ्याआत घेता येईना, शेजारी द्यावी तर सगळ्या आळीला उपवास, आणि बांगडे काही उद्यापर्यंत थांबणारे नव्हते. शेवटी परसातल्या माडाच्या बुंध्याशी खड्डा खणून ते पुरले. माडाला मासळीचे खत मानवते, एवढाच दिलासा. माती ओढताना मला खरेच रडू आले. आत माझी पेटी होती.

माडाला मात्र ते मानवले. वर्ष-दीड वर्षात असे घोस लागले की जाणारे येणारे थांबून बघत. माड घरमालकांचा, भिकाजीशेटांचा. नारळ विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी पेटी घेतली.

भिंतीपलीकडे ते रोज संध्याकाळी वाजवतात, तेही बेसूर. मी कानांवर हात ठेवले की यमुना म्हणते, "ऐका की. फुकट आहे."